चार ठिकाणांहून आणलेलं कुटुंब

सात-आठ वर्षांच्या मुलांना म्युझियममध्ये तीनच प्रश्न पडतात. हे खरं आहे का, हे मेलं कसं, आणि टॉयलेट कुठे आहे. पैकी तिसऱ्याचं उत्तर देण्याची मला नेहमीच पूर्ण मोकळीक होती. दुसऱ्याचंही देता यायचं. पहिल्या प्रश्नापायी माझं काय काय झालं, ते सांगायला हा लेख लिहिते आहे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागताना सांगितलं होतं, "काहीतरी हलकंफुलकं द्या, लहान मुलांच्या गमती वगैरे." गमती आहेत, त्या ओघात येतील. पण सगळा लेख गमतीचा होणार नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे चकली खाता खाता वाचणाऱ्यांची फसगत नको.

मी हॅम्बर्गपासून गाडीने पाऊण तासावर असलेल्या एका गावातल्या निसर्गविज्ञानाच्या म्युझियममध्ये काम करते. मंडळात कुणाला हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे तुम्ही प्राण्यांमध्ये भुसा भरता?" नाही. ते काम उवे करतो. उवे आमचा प्रेपाराटोर, म्हणजे मेलेला प्राणी जिवंत दिसेल असा उभा करणारा माणूस. मी मुलांना तो प्राणी दाखवते. शाळांचे वर्ग येतात, त्यांना घेऊन मी दालनातून फिरते आणि गोष्ट सांगते. माझं आडनाव देशपांडे. जर्मन मुलांच्या तोंडी त्यातलं शेवटचंच टिकतं, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून मी फ्राऊ पांडा, म्हणजे पांडाबाई, झाले. पुण्यात प्राणिशास्त्राची एम.एस्सी. करून, मधली काही वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसून मी हे नाव मिळवलं. तेव्हा मला ते आवडायचं.

धंद्यातल्या दोन-चार गोष्टी बाहेरच्यांना ठाऊक नसतात. मुलांशी उभं राहून बोलायचं नाही, गुडघे टेकून बोलायचं. त्यामुळे माझ्या प्रत्येक पँटचे गुडघे आधी जातात. आवाज चढवायचा नाही, उलट उतरवायचा, म्हणजे मुलं जवळ येतात. जुन्या प्राण्यांना हात लावू द्यायचा नाही, कारण त्यांच्या कातड्यात आर्सेनिक आहे. दीडशे वर्षांपूर्वी कीड लागू नये म्हणून आतून आर्सेनिकचा साबण चोळायचे. हे ऐकलं की सगळी मुलं हात मागे घेतात आणि एक तरी मुलगा विचारतो, चाटलं तर मरायला किती वेळ लागेल.

आमच्या म्युझियमची सगळी पुण्याई एका मोहिमेवर उभी आहे. एकोणिसाव्या शतकात इथला एक डॉक्टर हिमालयापलीकडच्या सरहद्दीवर गेला. तेव्हाच्या नकाशात तो भाग कोराच होता. तिथून त्याने पक्षी, मेंढ्या, कोल्हे, बिबटे, उंदीर, साप आणि किडे पेट्या भरभरून पाठवले. मुलं त्याला टोपीवाला डॉक्टर म्हणतात, कारण जिन्यातल्या चित्रात त्याच्या डोक्यावर भोपळ्यासारखी टोपी आहे.

ही मोहीम मी मुलांकडून खेळून घ्यायचे. दालनाच्या या टोकाला सरहद्द, त्या टोकाला हॅम्बर्गचं बंदर, मधे एक दोरी आडवी लावली की झाली खिंड. एक मूल डॉक्टर, एक दुभाषा, एक स्वयंपाकी, दोन हमाल, बाकीची खेचरं. मग मी सांगायचे: प्राणी मारला की त्याच दिवशी सोलायचा, नाहीतर सडतो. पोटावर चीर द्यायची, कातडं मोज्यासारखं उलटं काढायचं, कवटी आणि पायांची हाडं ठेवायची, बाकी फेकायचं. मीठ, तुरटी, साबण. मग पत्र्याचं अस्तर लावलेल्या पेटीत घालून पेटी खेचरावर. खेचर दरीत पडलं तर विज्ञानही दरीत. असे महिनेच्या महिने चालत खाली उतरायचं, मग जहाज, मग आपलं गाव. इथे ज्या कारागिराच्या हाती ते कातडं पडायचं, त्याने तो प्राणी जन्मात पाहिलेला नसायचा. तो लाकडी सांगाडा करायचा, गवत आणि सुतळी गुंडाळायचा, वरून कातडं चढवायचा आणि अंदाजाने तोंड करायचा. म्हणून आमच्या कोल्ह्याचा चेहरा गावच्या पाद्र्यासारखा दिसतो.

या खेळात प्रत्येकाला बंदूकवाला व्हायचं असतं. खेचर होण्यासाठीसुद्धा रडारड चालते. पण माझ्या इतक्या वर्षांत मला बिबट्या होऊ दे असं एकाही मुलाने म्हटलं नाही.

मी त्या डॉक्टरला खलनायक करत नव्हते, हे इथे सांगायला हवं. त्या काळी प्राणी बघायचा तर मारूनच बघावा लागे. दुसरा उपाय नव्हता. बर्फात पायाची बोटं गमावून त्याने जे आणलं, त्यावर आजही अभ्यास चालतो. हेही मी मुलांना सांगायचे, आणि त्याने स्वतःच्या पुस्तकात फक्त "गोळा केले" असं लिहिलंय, गोळी बहुतेक वेळा तिथल्याच शिकाऱ्याने झाडली होती, हेही सांगायचे. मुलांना दोन गोष्टी एकदम खऱ्या असलेल्या चालतात. मोठ्यांना चालत नाहीत.

आता त्या काचेच्या कपाटाकडे येते. दालनाच्या मधोमध ते आहे. आत खोटा खडक, खोटा बर्फ आणि हिमबिबट्यांचं कुटुंब. नर वरच्या खडकावर छाती काढून उभा. खाली मादी बसलेली. तिच्या पोटाशी दोन पिल्लं. गावातल्या प्रत्येक माणसाचा लहानपणीचा एक फोटो या कपाटासमोर आहे.

हे कुटुंब नव्हे. हिमबिबट्याचा नर पिल्लांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. जोडी जमते ती चार दिवसांपुरती, मग तो त्याच्या वाटेने जातो. पिल्लं वाढवते ती एकटी मादी. पण ज्या लोकांनी हे कपाट मांडलं ते रविवारी चर्चमधून सरळ म्युझियमला येणारे लोक होते. बाप टोपी घालून पुढे, आई मागे, मुलं आईच्या झग्याला धरून. प्राण्यांचंही तसंच असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. असली चूक करायला सुशिक्षितच असावं लागतं. मेंढ्या राखणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर तो हसला असता.

शिवाय हे चौघे एकमेकांना कधी भेटलेही नव्हते. नर एका खिंडीत मारलेला. मादीचं कातडं कुठल्याशा बाजारात विकत घेतलेलं, नराला मारलं तिथून कितीतरी लांब. एक पिल्लू टोपलीतून जिवंत आणत होते, ते वाटेत मेलं. दुसरं तर पुष्कळ वर्षांनी एका प्राणिसंग्रहालयाने मेल्यावर पाठवलं. यात काही गुपित नाही, म्युझियमच्या जुन्या सूचीत सगळं छापील आहे, वाचलं की कळतं. उवेने मला आणखी एक गोष्ट दाखवली. कपाट धुळीसाठी उघडलं होतं तेव्हा त्याने मादीच्या मागे टॉर्च धरला. "बघ. मागचं एक पाऊल नाही. सापळ्यात गेलं असणार. म्हणून तिला बसवलंय." मी इतकी वर्षं समजत होते की ती पिल्लांसाठी बसली आहे.

सुरुवातीला मी हे सगळं मुलांना सरळ सांगायचे. मुलं छान ऐकायची. एका मुलाने विचारलं, "मग तो त्यांचा बाबा नाही?"

"नाही."

"मग तो तिथे काय करतोय?"

"काही नाही. त्याला तिथे ठेवलंय."

त्याने मान डोलावली आणि पुढे गेला. पण त्याच वर्गातली एक मुलगी कपाटाला नाक लावून उभी होती. ती अगदी सहज म्हणाली, "माझ्या बाबासारखं. तो पण फक्त फोटोत असतो." रडली वगैरे काही नाही. तिला कुणीतरी आपलं सापडल्याचा आनंद झाला होता. वर्गाच्या बाईंचा चेहरा मात्र पडला. आठवड्याभरात शाळेची तक्रार आली की आमच्या मार्गदर्शक कोवळ्या मुलांपुढे नको ते विषय काढतात.

आमच्या प्रमुख फ्राऊ हार्टमन. बाई वाईट नाहीत. मला कामावर घेतलं ते त्यांनीच, माझं जर्मन मोडकंतोडकं असताना. त्यांनी मला कॉफी पाजली आणि म्हणाल्या, "आल्झो, हे बघ मंजिरी, खरं सांगायला कुणाची हरकत नाही. पण मुलांना थोडं मोठं होऊ दे की."

"प्रश्न त्यांनीच विचारला."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मुलं विचारतातच. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलंच पाहिजे असं नाही."

याच सुमारास माझ्या नवऱ्याची, अविनाशची, नोकरी बदलायची वेळ आली. तो हॅम्बर्गला विमानांच्या कामात होता. त्याला स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला मोठी जागा मिळत होती, इंजिनियरने स्वप्नात बघावी अशी. आणि इकडे आमच्या म्युझियममध्ये मुलांसाठी नवं दालन व्हायचं ठरत होतं. ते सांभाळायला एक कायमची जागा निघणार होती. तोवरची माझी सगळी कंत्राटं बेफ्रिस्टेट, म्हणजे मुदतीची. दरवर्षी थंडीच्या तोंडावर तोच प्रश्न, की या वेळी वाढवतात की नाही. फ्राऊ हार्टमन म्हणाल्या होत्या, "जागा निघाली की पहिलं नाव तुझं."

आमचं बोलणं स्वयंपाकघरात झालं. सई, आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, बाहेर गृहपाठ करत होती.

"गेर्लिंगेनच्या आसपास पण म्युझियम असतीलच की," अविनाश म्हणाला.

"तिकडे मला कोण ओळखतं?"

"इकडे तरी काय, फ्राऊ पांडा म्हणून ओळखतात."

तो हे हसत म्हणाला. थट्टेतच म्हणाला. पण मी त्याच्या मागे पुण्याची नोकरी सोडून आले होते, आणि हे वाक्य माझ्या मनातून आजतागायत गेलेलं नाही. मी म्हटलं, "तू जा. वर्षभर बघू. माझी जागा पक्की होऊ दे, मग ठरवू." त्यालाही ते सोयीचं वाटलं असावं, कारण तो फार वेळ वाद घालत बसला नाही.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. मी त्यांना आई म्हणते. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, कमी शब्दांत बोलायची सवय. "अगं, दोन गावांत दोन कुकर कशाला लावताय?"

"अहो आई, वर्षभराचाच प्रश्न आहे."

"बरं," त्या म्हणाल्या.

आधी अविनाश दर शुक्रवारी यायचा. मग एक आड एक शुक्रवारी. मग गाड्यांचा संप, मग त्याचं प्रोजेक्ट, मग सईच्या परीक्षा, मग फक्त सणासुदीला. आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर निदान कुणीतरी दार आपटलं असतं आणि तारीख लक्षात राहिली असती. वर्ष संपलं तेव्हा माझी जागा पक्की व्हायची होती. दुसरं संपलं तेव्हाही व्हायचीच होती.

मधल्या काळात नव्या दालनासाठी मुलांचं पुस्तक लिहायचं काम मला दिलं: टोपीवाला डॉक्टर आणि त्याची मोहीम. मी इतक्या मन लावून आयुष्यात काही केलेलं नाही. संध्याकाळी घरी येऊन एकेक पान लिहायचे आणि सईला वाचून दाखवायचे. तिला माझं मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. माझं जर्मन ती मराठी शाळेतल्या मास्तरणीसारखी सुधारून द्यायची. शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं: "हे चौघे जिवंतपणी एकमेकांना कधी भेटले नाहीत. माणसांना कुटुंब बघायचं होतं, म्हणून माणसांनी ते तयार केलं. तुम्ही यांच्यासमोर उभे राहाल तेव्हा प्रत्येकाकडे वेगवेगळं बघा." सई म्हणाली, "हे पान सगळ्यात चांगलं आहे." मलाही तसंच वाटत होतं.

फ्राऊ हार्टमननी वाचलं, डोळे पुसले, सुंदर आहे म्हणाल्या. मग ते समितीकडे गेलं. समितीत कोण कोण होतं मला अजून नीट माहीत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी छापलेलं पुस्तक हातात आलं. चित्रं देखणी होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "बाबा उंच खडकावर उभा राहून राखण करतो. आई पिल्लांना ऊब देते. मिमी आणि मोमो सुरक्षित आहेत." मुखपृष्ठावर, ठळक अक्षरांत, लेखन: मंजिरी देशपांडे.

मी पुस्तक घेऊन फ्राऊ हार्टमनकडे गेले. त्या पाहुण्यांच्या स्वागतात होत्या, हातात ग्लास. "हे मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"मंजिरी, लहान मुलांचं पुस्तक आहे."

"माझं नाव आहे त्यावर."

"म्हणजे काय, काम तुझंच आहे. एका पानासाठी तुझं नाव काढून टाकणं अन्याय झाला असता." त्या मनापासून बोलत होत्या. त्यांच्या हिशेबी त्यांनी माझं भलं केलं होतं, आणि अशा माणसाशी भांडता येत नाही.

अविनाश खास त्या दिवसासाठी आला होता, फुलं घेऊन. त्याने पुस्तक चाळलं. "छान झालंय गं. चित्रं मस्त आहेत." त्याला मूळ पान माहीतच नव्हतं. ते त्याला वाचून दाखवायचं राहिलं होतं. हे मला तिथे, त्या गर्दीत, फुलं हातात धरून उभी असताना कळलं आणि समितीपेक्षा त्याचाच राग आला. त्याचा काही दोष नव्हता तरी आला. सईने शेवटचं पान उघडलं, वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक मिटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी जागा पक्की झाली. उनबेफ्रिस्टेट, बिनमुदतीची. हे पत्र मिळवण्यासाठी परदेशात राहणारा माणूस काय काय करतो ते तुम्हां सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ते सांगत नाही. मी सही केली. बाणेदारपणे नोकरी फेकून दिली असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्या जागेसाठी मी जे घालवलं होतं ते घालवून झालं होतं. आता जागाही सोडायची म्हणजे दोन्ही हात रिकामे.

मग फ्राऊ हार्टमनना कल्पना सुचली की कपाटाशेजारी एक बटण बसवावं. दाबलं की गोष्ट ऐकू येईल, आणि आवाज लेखिकेचाच असावा. "तुझ्या उच्चारात किती गोडवा आहे," त्या म्हणाल्या. मी आवाज दिला. हॅम्बर्गच्या एका स्टुडिओत कानाला मोठाले हेडफोन लावून "बाबा उंच खडकावर उभा राहून" हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, कारण तंत्रज्ञाला त्यात आणखी माया हवी होती.

माझी बसायची खोली त्या भिंतीच्या पलीकडे आहे. मुलांना बटणं किती आवडतात याची कल्पना फक्त पालकांना आणि म्युझियमवाल्यांना असते. गोष्ट पूर्ण व्हायच्या आत दुसरं मूल दाबतं, की ती पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर माझाच आवाज मला भिंतीतून सांगत असतो की बाबा वर उभा आहे. एकदा उवे डबा खाताना म्हणाला, "तुला हवं असेल तर मी ती वायर कापतो. उंदीर म्हणून सांगू." त्या दिवशी मी खूप दिवसांनी हसले. वायर मात्र कापू दिली नाही. कशासाठी वाचवली, मला विचारू नका.

सासरे गेल्यानंतर दोन उन्हाळ्यांनी आईंचं जर्मनीला यायचं ठरलं. अविनाशचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी आला होता.

"आई महिनाभर राहणार आहे. तू आणि सई तेवढे दिवस इकडे आलात तर..."

"तर काय?"

"तर बरं दिसेल." मग थोडं थांबून, "तिला वाटतं की ते वर्ष संपल्यावर तू इकडे आलीस आणि फक्त कामासाठी अधूनमधून हॅम्बर्गला राहतेस. आता या वयात तिला कशाला."

मी साठलेली सगळी रजा काढली. मिक्सर, मसाल्याचा डबा, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, साड्या आणि माझी चप्पल गेर्लिंगेनला नेली. त्याच्या कपाटातले शर्ट एका बाजूला सारून माझे कपडे लावले. बाथरूममध्ये ब्रश ठेवला. अविनाश मदत करत होता, अगदी पाहुण्यासारखा अदबीने. सईने दारात उभं राहून हे सगळं बघितलं आणि म्हणाली, जर्मनमध्येच, "खोटा बर्फ पण टाकायचा का?" अविनाशला तो शब्द कुठून आला ते कळलं नाही. मला कळलं.

आई आल्या. पहिल्याच सकाळी मी उपमा करायला घेतला. त्या टेबलाशी बसून कोथिंबीर निवडत होत्या. रवा भाजला, पाणी उकळलं आणि मीठ सापडेना. एक खण उघडला, त्यात चहा. दुसरा उघडला, त्यात औषधं. तिसऱ्यात रिकाम्या बाटल्या. हॉलमधून अविनाशचा आवाज आला, "डावीकडे, वरच्या खणात." मी मीठ घातलं. आईंनी मान वर केली नाही. उपमा छान झालाय, एवढं म्हणाल्या.

तो महिना आम्ही तिघांनी नीट पार पाडला. जेवायला एकत्र बसलो, एकत्र फिरायला गेलो, मी "अरे, तुझा चष्मा घे" असं म्हणायचे आणि तो घ्यायचा. काही संध्याकाळी तर मला वाटायचं की हे काही अगदीच वाईट नाही, असंच चालू ठेवलं तर कुणाचं काय बिघडणार आहे. अविनाशलाही तसं वाटत असेल का, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं की काय, हे अजून ठरत नाही.

परत जायच्या आधी आई म्हणाल्या, "मला तुझं काम बघायचंय." म्हणून आम्ही तिघी गाडीने हॅम्बर्गला आलो, तिथून म्युझियमला. अविनाशला सुट्टी नव्हती. आई खांद्यावर शाल आणि हातात पर्स घेऊन एकेका कपाटासमोर शाळा तपासायला आल्यासारख्या थांबत होत्या. कोल्ह्याला बघून हसल्या. मग हिमबिबट्यांपाशी आल्या. एका मुलाने बटण दाबलेलं होतं.

"हा तुझा आवाज," आई म्हणाल्या. "काय सांगतेयस?"

मी उत्तर द्यायच्या आत सई बोलायला लागली. आजीसाठी ती मराठी बोलते, अडखळत, शब्द चाचपडत. "हा पापा आहे. तो वर उभा राहतो, म्हणजे कोण येतं ते बघतो. आई खाली बसते, कारण ती पिल्लांना... गरम ठेवते. सगळे मिळून राहतात."

आई कपाटाच्या अगदी जवळ गेल्या. बराच वेळ वरच्या नराकडे बघितलं, मग खालच्या मादीकडे. मग मागे न वळता विचारलं, "खरं आहे का हे?"

सईने माझ्याकडे बघितलं. जर्मनमध्ये म्हणाली, "आता तू सांग."

इतकी वर्षं मी मुलांसमोर गुडघे टेकून बोलले. त्या दिवशी मी सत्तरीच्या एका बाईशेजारी उभी राहिले आणि आवाज आपोआप उतरला. "नाही, आई. हे चौघे चार ठिकाणचे आहेत. एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. लोकांना कुटुंब बघायचं होतं म्हणून आणून असं ठेवलंय."

"आणि ही बसलीय ती?"

"तिचा मागचा एक पाय तुटलेला आहे. तो दिसू नये म्हणून बसवलीय."

"हं," आई म्हणाल्या. त्यांनी शाल सारखी केली. काचेवर टेकलेला हात काढला. मग माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मांडलंय मात्र छान," त्या म्हणाल्या. "फक्त मीठ कुठे असतं ते अविनाशला आधी विचारून ठेवायचं होतंस."

सई माझा हात धरून उभी होती. मागे कुठल्याशा मुलाने पुन्हा बटण दाबलं, आणि माझा आवाज पहिल्यापासून सांगायला लागला की बाबा उंच खडकावर उभा आहे.